बॉनेटखालून येणारा पेट्रोलचा वास : सकाळी येतो, दुपारी नाहीसा होतो

पानगळ (मूळ धागा)

नमस्कार. आमच्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे आणि तिचे ९१ हजार किलोमीटर झाले आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून सकाळी गाडी सुरू केली की पहिली पाच-सात मिनिटे पेट्रोलचा स्पष्ट वास येतो. तो बॉनेटच्या बाजूने येतो, आणि एसीचा खटका बाहेरची हवा घेण्यावर असेल तर गाडीच्या आतही शिरतो. कोथरूडहून निघून नळ स्टॉपला पोहोचेपर्यंत वास गेलेला असतो, आणि संध्याकाळी कार्यालयातून निघताना तो अजिबात येत नाही. गाडीखाली थेंब पडलेला दिसत नाही, मायलेजमध्ये फरक नाही, इंजिनचा पिवळा दिवाही लागलेला नाही.

आतापर्यंत दोन ठिकाणी गाडी दाखवली. एका गॅरेजमध्ये ‘हल्लीच्या पेट्रोलला असाच वास येतो, सगळ्यांच्याच गाड्यांना येतो’ असे उत्तर मिळाले. एका सर्व्हिस सेंटरने गाडी दिवसभर ठेवून घेतली, त्यांना दुपारी वास आला नाही. तरीही पेट्रोलचा पंप आणि चारही इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बदलावेत असे सांगून २८,००० रुपयांचा अंदाज हातात दिला. जो वास त्यांना आलाच नाही, त्यावर इतका खर्च करण्याची माझी तयारी नाही.

गाडीची आजवर मोठी दुरुस्ती झालेली नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात उंदरांनी बॉनेटखाली धुमाकूळ घातला होता, ते काम घराजवळ करून घेतले. एरवी फक्त नेहमीची सर्व्हिसिंग. प्रश्न दोन आहेत : वास नेमका कुठून येतो हे पद्धतशीरपणे कसे शोधावे, आणि तोपर्यंत गाडी चालवावी की नाही?

शंकासुर

नळ स्टॉपला पोहोचल्यावर वास नाहीसा होतो असे नसून तिथल्या धुरात तो ओळखू येत नाही, ही शक्यता तपासून पाहिली का?

पाना नंबर दहा

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बॉनेटखालून कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड काही शे अंशांपर्यंत तापतो, त्याच्या आसपास अल्टरनेटर आहे, सेल्फ आहे, पंख्याची मोटर आहे. इतके दिवस काही झाले नाही म्हणून उद्या होणार नाही, असे आगीच्या बाबतीत म्हणता येत नाही. थेंब खाली न पडण्यालाही फार अर्थ नाही. पेट्रोल गरम भागावर पडून जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच उडून जाते, किंवा इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर साचते.

आता पहिला प्रश्न. साताऱ्यात सव्वीस वर्षे गॅरेज चालवल्यावर माझी अशी सवय झाली आहे की गिऱ्हाइकाने ‘वास येतो’ म्हटले की मी बॉनेट उघडत नाही, आधी ‘केव्हा येतो’ ते विचारतो. फक्त थंड इंजिनावर येतो, की गाडी तापवून उभी केल्यावर दहा मिनिटांनी येतो? टाकी भरलेली असतानाच येतो का? चढावर जास्त येतो का? नुसती चावी फिरवली आणि इंजिन सुरूच केले नाही, तरी येतो का? थंड असताना गळणारा सांधा वेगळा, तापल्यावर गळणारा वेगळा, आणि टाकी भरल्यावरचा वास तर बहुधा गळतीचा नसून वाफेचा असतो. सर्व्हिस सेंटरने गाडी दुपारी तपासली, इथेच चूक झाली. रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहायला हवी होती.

शंकासुर यांचा विनोद चांगला आहे, पण त्यात तथ्यही आहे. त्यावर जाणकारांनी लिहावे.

रसायनीवाला

जाणकार नाही, पण आयुष्य रासायनिक कारखान्यात गेल्यामुळे थोडे लिहितो. नाक हे फार संवेदनशील उपकरण आहे, मात्र ते लवकर थकते. एकाच वासात काही मिनिटे बसले की तो जाणवेनासा होतो आणि माणसाला वाटते, वास गेला. म्हणून ‘पाच-सात मिनिटांनी जातो’ हे निरीक्षण तुमच्या एकटीच्या नाकावर सोडू नका. गाडी मोकळ्या जागी सुरू करून बाजूला उभे राहा, दहा मिनिटांनी घरात बसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी बोलावून बॉनेटजवळ आणा आणि त्यांना काय वाटते ते विचारा. त्यांनाही वास आला नाही, तरच तो खरोखर गेला.

धोक्याविषयी : पेट्रोलचा ‘फ्लॅश पॉइंट’ उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली आहे, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही हवामानात ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतच असते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असले की ठिणगी पुरते. वास येतो याचा अर्थ प्रमाण तिथवर गेले आहे असा नाही, कारण नाकाला त्याच्या कितीतरी कमी प्रमाण कळते. परंतु ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली खळग्यांत साचते, आणि तुमचे नाक वर असते. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हे प्रयोग करू नका.

हडपसर एक्सप्रेस

एवढा कीस पाडण्याची गरज नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने बरोबर सांगितले आहे. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या गाड्यांचे रबर खाल्ले आहे. २०१३ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नव्हती. माझ्याही गाडीला वास येतो, मी काच उघडी ठेवतो.

तिसरा गिअर

हडपसर एक्सप्रेस, आपण काच उघडी ठेवता हे वाचून काळजी वाटली. कृपया पाना नंबर दहा यांचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा.

ई-२०बद्दल थोडी सावधगिरी हवी. देशात १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक ठिकाणी पोहोचले. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होतात, हे मान्य. परंतु ‘पेट्रोलला असाच वास येतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. इंधन बंद नळ्यांतून जाते. त्यात काहीही मिसळलेले असो, त्याचा वास बाहेर यायला कुठेतरी वाट लागते. ती वाट कशामुळे झाली हा पुढचा प्रश्न आहे, आधी ती कुठे आहे ते सापडले पाहिजे. शिवाय इथेनॉल संध्याकाळीही पेट्रोलमध्ये असतेच, मग वास फक्त सकाळीच का?

जुना कार्ब्युरेटर

या धाग्यामुळे प्रीमियर पद्मिनीची आठवण झाली. आमच्याकडे १९८६ ची होती आणि पेट्रोलचा वास हा त्या गाडीचा दोष नव्हे तर स्वभाव मानला जात असे. चोक ओढून सेल्फ मारला की अंगणभर घमघमाट. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई अडकली की भांडे भरून वाहायचे, मग वडील पान्याच्या मागच्या बाजूने कार्ब्युरेटरवर दोन टिचक्या मारत आणि सुई जागेवर बसे. इंजिनाला चिकटलेल्या पंपाचा पडदा फाटला की त्याच्या खालच्या बारीक छिद्रातून पेट्रोल टिपकायचे, आणि ‘पडदा गेला’ हे निदान रस्त्यावरचा पानवालासुद्धा करू शकत असे. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा हळहळ वाटली खरी, परंतु त्या वासाबद्दल नव्हे.

आठवण सांगण्यामागे एक मुद्दाही आहे. त्या गाड्यांत पेट्रोलच्या नळीतला दाब अगदी किरकोळ, पाव-अर्ध्या बारच्या आतबाहेर असायचा. कोणतीही रबरी नळी आणि कोणतीही क्लिप चालून जायची, प्रसंगी तारेने आवळली तरी घरी पोहोचत होतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तोच दाब तीन ते चार बार असतो. आमच्या पिढीच्या मेकॅनिकांचा हात मात्र अजून त्या जुन्या नळीवरच बसलेला आहे.

घाटमाथा

माझा अनुभव लिहितो, कदाचित उपयोगी पडेल. आमच्या गाडीला ताम्हिणी घाट चढताना वास यायचा, तोही फक्त टाकी भरून निघालो तर. तीन गॅरेज झाली. शेवटी कळले की दोष माझ्या सवयीत होता. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणून मी आणखी शंभर-दीडशे रुपयांचे पेट्रोल दाबून भरून घेत असे. टाकीतली वाफ शोषून घेण्यासाठी एक डबा असतो, त्यात कोळशाचे दाणे असतात. इंजिन चालू असताना ती वाफ एका झडपेतून इंजिनात ओढली जाते आणि जळते. टाकी काठोकाठ भरली की वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात शिरते, कोळसा भिजतो आणि मग तो काही शोषू शकत नाही. आमच्या गाडीत हा डबा बॉनेटखाली, बॅटरीच्या पलीकडे होता. बऱ्याच गाड्यांत तो मागे टाकीजवळ असतो.

डबा बदलला, राउंड फिगर बंद केली, वास गेला.

शंकासुर

म्हणजे सुट्ट्या पैशांच्या टंचाईने कोळशाचा डबा भिजवला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. गाडी शनिवारपासून हलवलेली नाही, कार्यालयात बसने जात आहे. रसायनीवाला काकांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी सोसायटीच्या मोकळ्या आवारात प्रयोग केला. गाडी ढकलत बाहेर आणली, सुरू केली, मी बाजूला थांबले. सासूबाईंचे नाक घरात सर्वांत तीक्ष्ण आहे. दूध लागल्याचे त्यांना दुसऱ्या मजल्यावरून कळते. त्यांना सहा मिनिटांनी बोलावले तर त्यांनी लगेच ‘येतो’ म्हटले, बाराव्या मिनिटाला पुन्हा बोलावले तेव्हा ‘आता नाही’ म्हणाल्या. म्हणजे वास खरोखरच जातो, माझे नाक थकत नाही.

बाकी उत्तरे अशी : टाकी सध्या पाऊण रिकामी आहे, म्हणजे घाटमाथा यांचे कारण इथे लागू होत नसावे. गाडी तापवून उभी केल्यावर वास येत नाही. नुसती चावी फिरवून पाहिली, तेव्हा अगदी पुसट आला असे वाटले, पण खात्रीने सांगू शकत नाही.

गॅसवरची गाडी

ताईंची गाडी सीएनजीवर नाही ना? विचारण्याचे कारण असे की वासाचा प्रकार आधी ठरवावा लागतो. सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम कुजलेल्या अंड्यासारख्या वासाचे द्रव्य घालतात. तो वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो, आणि त्याचे सांधे साबणाच्या फेसाने तपासता येतात. पेट्रोलला ते लागू नाही.

माझ्या गाडीत मात्र दोन्ही एकत्र आले होते. वर्षभर गॅसवर चालवून पेट्रोल फक्त सुरू करण्यापुरते वापरत होतो, त्यामुळे पेट्रोलच्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा सुकून कडक झाल्या. एकदा गॅसच्या रांगेला कंटाळून पेट्रोलवर पनवेलला गेलो, तर बॉनेटमधून असा वास की टोलनाक्यावरच्या माणसाने सांगितले. मेकॅनिकने चारही ओ-रिंगा बदलल्या. त्या रबरी कड्यांची किंमत इतकी क्षुल्लक होती की ती सांगायला लाज वाटते. त्यामुळे ताईंना पूर्ण इंजेक्टर बदलायला सांगितले हे वाचून राग आला.

पाना नंबर दहा

ताईंच्या उत्तरांवरून बरेच काही गळून पडले. टाकी रिकामी, तापल्यावर वास नाही, म्हणजे कोळशाचा डबा आणि वाफेची झडप मागे पडतात. थंडीत गळून तापल्यावर बंद होणारा रबरी सांधा, हाच मुख्य संशयित. त्यात पहिले नाव इंजेक्टरच्या वरच्या ओ-रिंगचे, कारण थंड रबर आकसते आणि गरम झाले की फुगून जागा भरते.

तपासण्याची रीत सांगतो. इंजिन पूर्ण थंड असताना, दिवसाउजेडी, बॅटरीवर चालणारा एलईडी टॉर्च घेऊन पाहा. जुन्या तारेच्या हातदिव्याला हात लावू नका, काडी-लायटरचे तर नावच नको. इंजेक्टरच्या मुळाशी पाहा. दहा वर्षांच्या इंजिनावर सगळीकडे धुळीचा तेलकट थर असतो. जिथे पेट्रोल पाझरते तिथे तो धुऊन निघतो आणि बाकीच्या मळक्या इंजिनात तेवढीच जागा स्वच्छ दिसते. नवखा माणूस ओला डाग शोधत बसतो, पेट्रोल मात्र सुकून गेलेले असते. जुन्या गळतीला तांबूस, लाखेसारखा थरही चढतो.

आणखी एक काम घरी होण्यासारखे आहे. डिपस्टिक काढून हुंगा आणि तेलाची पातळी पाहा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजेक्टर बाहेर नव्हे, आत गळतो आहे. फार छोट्या फेऱ्यांनीही थोडे असे होते.

गॅरेजमध्ये नेल्यावर रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) दाबमापक लावून घ्यावा. चावी फिरवली की पंप दोनेक सेकंद चालून थांबतो. त्यानंतर काटा किती वेळ टिकतो ते पाहायचे. भराभर खाली आला तर दाब कुठेतरी निसटतो आहे. मात्र तो टाकीतल्या पंपाच्या झडपेतूनही मागे जाऊ शकतो, म्हणून नुसत्या काट्यावरून पंप बदलू नये.

हडपसर एक्सप्रेस

ओ-रिंगा कडक कशाने झाल्या? ई-२०ने. फिरून तिथेच आलात.

रसायनीवाला

झाल्या असतील तर. अजून त्या गळतात असे सिद्ध झालेले नाही.

साता समुद्रापार

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो, त्यामुळे थंडीचा आणि पेट्रोलच्या वासाचा संबंध मला दर जानेवारीत भेटतो. इथे तापमान उणे वीसच्या खाली गेले की सकाळी शेजारच्या गाड्यांतून अगदी हाच वास येतो आणि इंजिन तापले की जातो. माझ्या स्वतःच्या गाडीत दोष इंजेक्टरचा नव्हता. धातूच्या नळीला रबरी नळी जिथे जोडलेली असते, तिथल्या क्लिपखालचे रबर वर्षानुवर्षे दाबले जाऊन चपटे झाले होते. थंडीत ते आकसले की क्लिप सैल पडायची. म्हणून सुचवतो की पाना काकांच्या यादीत दुसरे नाव क्लिपांचे असावे. क्लिप आवळताना मात्र सांभाळा, जुने रबर कडक झालेले असेल तर आवळल्याने चिरते. नळीच बदलणे बरे.

इकडच्या गाड्यांत वाफेची गळती गाडी स्वतः तपासते, आणि टाकीचे झाकण नीट लावले नाही तरी पिवळा दिवा लागतो. माझ्या मोठ्या भावाने इकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यासाठी गाडी टो करून नेली होती.

शंकासुर

पुण्यात बारा अंशाला कानटोपी घालणाऱ्यांसमोर उणे वीस लिहिणे हा उद्धटपणा समजला जातो. पण मुद्दा पटला.

पानगळ

आज सुटी असल्याने नवऱ्याने आणि मी मिळून पाहिले. डिपस्टिक व्यवस्थित आहे, पातळी दोन खुणांच्या मधोमध, वास नाही. चारही इंजेक्टरांच्या मुळाशी एकसारखी धूळ आहे, धुतल्यासारखी जागा कुठेही नाही, तांबूस थर नाही. चारही सारखेच मळके असल्याचा आनंद व्हावा की दुःख, हे कळेनासे झाले.

गॅसवरची गाडी

आनंदच माना. २८,००० वाचले.

जुना कार्ब्युरेटर

पानगळ, आपल्या मूळ लेखनातले एक वाक्य मी आज पुन्हा वाचले आणि आपण सगळे त्यावरून पुढे निघून गेलो याची लाज वाटली. ‘उंदरांनी धुमाकूळ घातला होता, ते काम घराजवळ करून घेतले.’ उंदरांनी नेमके काय कुरतडले होते? वायरिंगच, की आणखी काही? हल्लीच्या गाड्यांत पेट्रोलची नळी बऱ्याच ठिकाणी नायलॉनची असते आणि ती त्यांना वर्ज्य नसते. तेव्हाचे बिल असेल तर त्यात नळी किंवा क्लिप असा शब्द आहे का ते पाहावे.

पानगळ

बिल गाडीच्या कप्प्यातच सापडले. हाताने लिहिलेले आहे. ‘वायरिंग रिपेर, एअर फिल्टर, पे. पाइप जोड १ फूट, क्लिपा २ नग.’ मला वायरिंगच तेवढे आठवत होते. हा जोड कुठे आहे, ते वरून पाहता दिसत नाही.

पाना नंबर दहा

दादा, तुम्हाला गुरू मानले. मी इंजेक्टरपाशी अडकून पडलो होतो.

ताई, हा जोड बहुधा इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पडद्याजवळ, ब्रेकच्या टाकीच्या खालच्या अंगाला असेल. मागून येणारी नळी तिथून वर चढून रेलला मिळते. एअर फिल्टरचा डबा काढल्याशिवाय तो भाग दिसत नाही, आणि उंदराला नेमकी तीच जागा ऊबदार वाटते. आता जे सांगतो ते दोघांनी मिळून, उघड्यावर, भल्या सकाळी करायचे. पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवा, पाण्याची बादली नको; पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकले तर ती पसरते.

इंजिन सुरू करायचे नाही. एअर फिल्टरचा डबा सुटा करून बाजूला घ्या, त्यावरच्या सेन्सरचा प्लग चावी बंद असतानाच काढा. मग एकाने चावी फिरवून पंपाची घरघर थांबेपर्यंत वाट पाहायची आणि चावी बंद करायची. असे तीन-चार वेळा केले की नळीत पूर्ण दाब येतो. दुसऱ्याने तोपर्यंत दूर राहायचे, आणि चावी बंद झाल्यावरच पुढे येऊन टिश्यू पेपरची गुंडाळी चिमट्यात धरून क्लिपेखाली फिरवायची. कागद ओला झाला तर उत्तर मिळाले. नळी हाताने ओढून किंवा हलवून पाहू नका, निसटली तर तीन बारचा फवारा तोंडावर येतो. डिझेलच्या गाडीवर हा उद्योग कोणी करू नये. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्याही वर जातो आणि सुईएवढी धारसुद्धा कातडीतून आत शिरते.

पानगळ

सकाळी सव्वासहाला, तेरा अंश तापमानात, कागद ओला झाला.

जोड पाना काकांनी सांगितला अगदी तिथेच होता. मागच्या बाजूच्या क्लिपेखाली एक थेंब हळूहळू फुगत होता आणि नळीवरून खाली ओघळून पडद्यावरच्या उष्णतारोधक अस्तरात जिरत होता, म्हणूनच जमिनीवर कधी काही दिसले नाही. अस्तराचा हातभर भाग पेट्रोलने माखला आहे. तो पाहिल्यावर आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. तीन आठवडे मी मुलाला याच गाडीतून शाळेत सोडत होते.

गाडी आता जिथे आहे तिथेच राहील. ओळखीतले एक मेकॅनिक संध्याकाळी घरी येणार आहेत. त्यांच्याकडून नेमके काय करून घ्यावे?

पाना नंबर दहा

क्लिप आवळून घेऊ नका, जोडही नवा घालू नका. रेलपर्यंतची नळी अखंड बदलून मागा, कंपनीच्या सांध्यांसह. काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून दाब उतरवण्याची पद्धत आहे. तुमच्या गाडीत अस्तर पेट्रोलने भिजलेले असताना ते करू नये. इंजिन सुरू न करता, बॅटरीची तार सोडून, सांध्याभोवती फडके गुंडाळून सावकाश दाब सोडायला सांगा. अस्तराचा भिजलेला तुकडा कापून टाका, धुऊन तो वास जात नाही. गाडी नंतर दिवसभर बॉनेट उघडे ठेवून उभी राहू द्या.

तिसरा गिअर

जुन्या नळीवर काही छापलेले आहे का, तेही पाहावे. रबरी नळीवर प्रतीचे अक्षर असते. आर७ ही साधी, कार्ब्युरेटरच्या काळची प्रत, तिची मर्यादा साधारण ५० पीएसआय. इंजेक्शनसाठीची आर९ साधारण १०० पीएसआय सोसते. तुमच्या नळीतला साडेतीन बारचा दाब म्हणजे ५० पीएसआयच होतो, म्हणजे आर७ पहिल्या दिवसापासून काठावरच चालते.

पानगळ

काम झाले. काढलेल्या तुकड्यावर आर७ असेच छापलेले आहे. रबर इतके कडक झाले होते की वाकवल्यावर त्याला भेगा पडल्या. क्लिपा स्क्रूने आवळायच्या, खाचा असलेल्या पट्टीच्या होत्या आणि त्या खाचांनी रबर कापले गेले होते. नायलॉनची नळी साधी कापून तशीच आत सरकवलेली होती, तिच्या टोकाला अडकायला उंचवटाही नव्हता. नवी नळी आणि मजुरी मिळून २,७०० रुपये झाले.

हडपसर एक्सप्रेस

रबर कडक कशाने झाले, हे आता तरी मान्य करा.

रसायनीवाला

अर्धे मान्य करतो. इंजिनाची उष्णता, अपुऱ्या प्रतीची नळी आणि इथेनॉल या तिघांत कोणाचा वाटा किती, हे तुकडा प्रयोगशाळेत नेल्याशिवाय सांगता येणार नाही. मात्र त्याच पेट्रोलवर त्याच गाडीतल्या मूळच्या चारही ओ-रिंगा आजपर्यंत कोरड्या आहेत, हेही आपण मान्य करावे. आणि आपल्या गाडीचा वास अजून शोधायचा राहिला आहे.

हडपसर एक्सप्रेस

रविवारी सकाळी टॉर्च घेऊन पाहतो. माझ्याही गाडीत उंदीर आले होते.

घाटमाथा

उंदरांवर काय उपाय केला? आमच्याकडे बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवतात.

शंकासुर

आमच्याकडचे उंदीर ती मळून खातात.

पाना नंबर दहा

तंबाखू आठवडाभर चालते, मग तिचा वास उडतो. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि खालच्या फटींना बारीक जाळी लावून घ्या, आणि गाडी कचऱ्याच्या पेटीजवळ लावू नका. सुकी पाने बॅटरीजवळ तर ठेवूच नका.

पानगळ

आज नववा दिवस. काल या हंगामातली सर्वांत थंड सकाळ होती, सासूबाईंना मुद्दाम खाली आणले. त्यांनी बॉनेटभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पेट्रोलचा वास नाही म्हणून सांगितले, पण एअर फिल्टरजवळ उंदराच्या लेंड्या आहेत. जाळी उद्या बसवते.